धनेशाच्या ढोलीवरचा छज्जा

सह्याद्रीच्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. भली मोठी वाकडी चोच आणि त्याहून मोठा तोरा, असा हा पक्षी. मुलांनो, या पक्ष्यांची एक जगावेगळी रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून टाकते. उरते ती एक अरुंद फट. त्या फटीतून नर तिला फळे भरवतो. आत बसल्यावर मादीची पिसेही गळतात. मग बाहेर यायचे म्हटले तरी तिला उडता येत नाही.

या जोडप्याची ढोली दक्षिणेकडे तोंड करून होती. ढोलीच्या वर पानांनी भरलेली एक जाड फांदी होती आणि तिची सावली बरोबर फटीवर पडे. त्या फांदीला कोणी कधी धन्यवाद दिले नाहीत. फाल्गुनात एक वावटळ आली, फांदी कडकन मोडली आणि दरीत जाऊन पडली. मागे राहिला नुसता खुंट. त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य जरा दक्षिणेकडे कललेला असतो. ज्यांच्या खिडक्या दक्षिणेला आहेत त्यांना हे सांगायला नकोच! ऊन थेट ढोलीत शिरले.

“अहो, आत बसवत नाही,” मादी म्हणाली. “अंडी तापायला लागली आहेत. अंगावर पिसं कुठं उरलीत माझ्या, त्यांच्यावर सावली धरायला?”

“घाबरू नकोस. फट आणखी बारीक कर. लिंप!” असे म्हणून नराने चोच भरभरून चिखल आणला.

संकट आले की लिंपायचे, हे धनेशांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. साप आला, लिंपा. घोरपड आली, लिंपा. आता ऊन आले, तर तेही लिंपा! पण उन्हाने ती चिखलाची भिंत तव्यासारखी तापली, झुळूक येणे बंद झाले आणि आतला उकाडा आतच कोंडला. संध्याकाळी मादी फटीशी चोच उघडी टाकून धापा टाकत होती.

“ऊन काही बाहेर राहिलं नाही,” ती कशीबशी म्हणाली. “वारा मात्र राहिला.”

शेजारच्या झाडावर एक वानर शेपूट सोडून बसले होते. फुकटचा सल्ला द्यायला त्याला फार आवडे. ते म्हणाले, “फोडून टाक ना ती भिंत! एवढं काय त्यात?”

बुंध्याला चिकटून एक घोरपड कधीची वर बघत होती. ती जीभ लपलपवत म्हणाली, “वानरदादा किती शहाणे आहेत! ऐक हो त्यांचं.”

“भिंत फुटणार नाही,” आतून मादी ठामपणे म्हणाली. “मी बाहेर येईन ती पिल्लं मोठी करूनच. तुम्ही ऊन बाहेर अडवा.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच नर ढोलीवरच्या खुंटावर पंख पसरून बसला. त्याची सावली फटीवर पडली आणि खालून वाराही खेळता राहिला. “आता बरं वाटतंय,” आतून आवाज आला. नराला आनंद झाला, पण दुपार उलटली तरी मादीच्या चोचीत एक फळ पडले नव्हते. सावली धरावी तर बायको उपाशी, फळे आणावी तर अंडी उन्हात! या खुंटावर आपल्या जागी दुसरे काहीतरी हवे, हे त्याला कळून चुकले. डहाळ्या विणून घर बांधणारे त्या जंगलात एकच होते : शेकरू. आणि शेकरूशी तर त्याचे वाकडे होते.

तरीही तो गेला.

“आता बरी आठवण झाली माझी!” शेकरू म्हणाले. “उंबर फळांनी लगडला होता, तेव्हा चोच मारून हाकललं होतंस मला.”

“हाकललं होतं,” धनेशाने मान खाली घातली. “माझं चुकलंच. पण ढोलीत ऊन शिरतंय आणि आत अंडी आहेत रे.”

शेकरूने एकदा ढोलीकडे पाहिले. मग ते म्हणाले, “डहाळ्या आण. वाळक्या नकोत, पानांसकट आण.”

धनेश एका खेपेला फळ आणी, दुसऱ्या खेपेला डहाळी. शेकरू खुंटावर बसून विणत राही. वानर हसून म्हणे, “चोच केवढी आणि काम कसलं!” छज्जा तयार झाला आणि त्याच रात्री वाऱ्याने उडवून नेला. घोरपड एक फांदी वर सरकली. धनेशाला रडू आले, पण सकाळी तो पुन्हा डहाळी घेऊन हजर झाला.

“वाऱ्यानं नेला तर पुन्हा बांधू,” तो म्हणाला.

“बांधू,” शेकरू म्हणाले. “पण आता आधी चिवट वेल आण. खुंटाला आवळून टाकू.”

या वेळी छज्जा टिकला. तो फटीच्या वर पुढे आला होता, फटीला कुठेच टेकला नव्हता. माध्यान्हीचे ऊन त्याच्यावरच अडले. मादीने ऊन अडवायला लिंपलेला जादा चिखल तेवढा खरवडून काढला. झुळूक आत गेली.

“आता उंबरं आणा,” ती म्हणाली. “भूक लागलीय.”

घोरपड वाट पाहून पाहून निघून गेली. वैशाखात मादीने आपल्याच चोचीने भिंत फोडली आणि नव्या पिसांनिशी बाहेर आली. यथावकाश पिल्लेही बाहेर आली आणि आधी छज्ज्याच्या सावलीत बसली. उंबर पिकला तेव्हा धनेशाने पहिली हाक शेकरूला मारली.

पुढच्या वर्षी अंडी घालायची वेळ झाली, तोवर जुना छज्जा वाळून झडला होता. नर सवयीने चोचभर चिखल घेऊन आला. मादी ढोलीच्या तोंडाशीच थांबली.

“आधी छज्जा,” ती म्हणाली. “मग चिखल.”

तात्पर्य : ऊन घरात शिरल्यावर दारे-खिडक्या कोंडून घेण्यापेक्षा ते खिडकीबाहेरच अडवावे आणि वाऱ्याला वाट ठेवावी, आणि सावली बांधून देणाऱ्याला आधीच दुखवून ठेवू नये.