पाऊण तासानं आलेलं उत्तर

एकदा एक यंत्रदूत एका दूरच्या ग्रहाकडे निघाला होता. माणसानं आकाशात यंत्रं धाडायला तेव्हा नुकती सुरुवात केली होती, आणि यंत्रांपेक्षा माणसांचाच जीव जास्त वर-खाली होत असे. काही यंत्रं उडतानाच फुटली. काही चंद्राकडे म्हणून निघाली आणि चंद्राला ओलांडून भलतीकडेच गेली. जी नीट पोहोचली, त्यांतली काही पोहोचताच मुकी झाली. आपल्या गोष्टीतला यंत्रदूत मात्र गुणी निघाला. कित्येक महिने तो निमूट चालत राहिला. स्वतःची अक्कल अशी त्याला फारशी नव्हती, त्या काळच्या कुठल्याच यंत्रदूताला नव्हती. प्रत्येक गोष्ट त्याला पृथ्वीवरून सांगावी लागे, आणि सांगितलेलं तिथं पोहोचून त्याचं उत्तर परत यायला पाऊण तास लागे.

त्याच्या कॅमेऱ्यावर एक झाकण होतं. वजन वाचवायचं म्हणून ते उघडायला आणि मिटायला एकच हुकूम ठेवला होता. जुन्या दिव्याची दोरी असते ना, तसा. एकदा ओढली की दिवा लागतो, पुन्हा ओढली की विझतो. ग्रहाजवळून हा यंत्रदूत एकदाच जाणार होता. तिथं थांबणं किंवा मागं फिरणं त्याच्या नशिबी नव्हतं. तेवढ्यात झाकण उघडलं तर ग्रहाचं दर्शन, नाहीतर एवढा प्रवास फुकट.

त्याच्याशी बोलण्याचं काम एका वृद्ध शास्त्रज्ञाकडे होतं. सारं केंद्र त्यांना भाऊकाका म्हणे. नजर मंदावली म्हणून ऐन दिवशी आपल्या खुर्चीवर शिष्याला बसवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शिष्याचं नाव हेरंब. बुद्धीनं तल्लख, पण स्वभावानं महाउतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. हेरंबनं ते घोट्याला बांधलं असतं.

आधी रंगीत तालीम झाली. शेजारच्या खोलीत यंत्रदूताची हुबेहूब नक्कल ठेवली होती आणि तिचं उत्तर मुद्दाम पाऊण तास अडवून सोडलं जाई. हेरंबनं झाकणाचा हुकूम पाठवला. थोडा वेळ कळ काढली. मग त्याच्या मनात आलं, न जाणो, पोहोचलाच नसला तर? आणि त्यानं तोच हुकूम पुन्हा पाठवला. झाकण उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. हाती आला तो अमावास्येचा अत्यंत स्पष्ट फोटो.

केंद्राच्या संचालक रेगेबाई संतापल्या. हा मुलगा त्या खुर्चीवर नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. हेरंबचं तोंड एवढंसं झालं. या एका दिवसासाठी त्यानं बाकी सगळ्या नोकऱ्या नाकारल्या होत्या. भाऊकाकांनी बाईंकडून आठ दिवस मागून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वागणं फारच विचित्र झालं.

सकाळी हेरंबनं विचारलं, काका, चहा घेणार? काका खिडकीबाहेर बघत राहिले. ऐकू आलं नसेल म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. काही नाही. पुढं बैठक सुरू झाली. यंत्रदूताच्या मार्गात काही चूक तर राहिली नाही ना, असं रेगेबाईंनी गंभीरपणे विचारलं, आणि भाऊकाका शांतपणे म्हणाले, "हो. आलं टाकून." एका अभियंत्यानं ते टिपूनही घेतलं. थोड्या वेळानं काका पुन्हा म्हणाले, हो, आलं टाकून. मग आणखी एकदा. शिपायानं तीन चहा आणून ठेवले. काकांनी एक उचलला आणि उरलेले दोन हेरंबपुढं सरकवले. ते दोन्ही त्याला प्यावे लागले.

असंच चालू राहिलं. सकाळचा नमस्कार जेवणाच्या डब्यापाशी परत मिळे. एकदा हेरंबनं फळ्यावरचं एक समीकरण दाखवून विचारलं, हे बरोबर आहे ना? उत्तर नाही. फळा पुसला गेला. मग पाध्ये नावाचा त्याचा सहकारी आला. पाध्येचं लग्न जमत होतं, म्हणून त्यानं खिशातून वधूचा फोटो काढून मोठ्या कौतुकानं काकांसमोर धरला. काकांनी फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. मुळातच चुकलंय." पाध्ये दोन दिवस कोणाशी बोलला नाही. लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे. समीकरण मात्र खरंच मुळात चुकलं होतं.

हेरंब धास्तावला. वय झालं, काकांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही? तो त्यांच्या घरी गेला आणि काकूंना चाचरत सगळं सांगितलं. काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"त्यात नवीन काय?" त्या म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी यांना विचारलं होतं, ही साडी मला कशी दिसते. त्याचं उत्तर अजून यायचंय."

तिथं काही उपाय नाही, हे हेरंबच्या ध्यानात आलं. निमूट तो काकांच्या चालीनं चालायला लागला. चहा हवा त्याच्या पाऊण तास आधी चहाचं विचारायचं. "हे बरोबर आहे का" असं विचारायचं नाही, कारण उत्तर येईपर्यंत "हे" जागेवर असेलच असं नाही. कशाबद्दल, कुठलं, ते सगळं प्रश्नातच बांधून द्यायचं. आणि एकदा विचारलं की गप्प बसायचं, नाहीतर चहा प्यावे लागतात. सर्वांत अवघड होतं ते हे गप्प बसणं. सुरुवातीला त्याला दरदरून घाम फुटे. पुढं पुढं तो हात मांडीखाली दाबून बसायला शिकला.

आणि तो दिवस आला. यंत्रदूत ग्रहापाशी पोहोचत होता. रेगेबाई मनातून राजी नव्हत्या, पण काकांचा शब्द त्यांना मोडवेना. हेरंब खुर्चीवर बसला. त्यानं हुकूम दोनदा वाचला आणि एकदाच पाठवला. सगळे घड्याळाकडे बघत बसले. काही वेळानं हेरंबला राहवेना. मागं बसलेल्या काकांकडे वळून त्यानं अगदी हळू विचारलं, "काका, मला जमेल ना?"

काका छताकडे पाहत राहिले. त्या क्षणी तरी त्यांनी नियम मोडावा, असं हेरंबला फार वाटलं. त्यांनी तो मोडला नाही.

पाऊण तास झाला. उत्तर आलं नाही. आणखी दोन मिनिटं गेली. तरी नाही. यंत्रदूत ग्रहाला ओलांडून जाईल, मग काय करायचं, अशी कुजबुज सुरू झाली. रेगेबाई हेरंबच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

"हुकूम पोहोचलेला नाही. पुन्हा पाठवा."

हेरंबनं दोन्ही हात मांडीखाली घातले. भीती वाटत नव्हती असं नाही, जाम वाटत होती.

"बाई, उत्तर आलेलं नाही, एवढंच आपल्याला कळलंय," तो म्हणाला. "हुकूम पोहोचला नाही, असं कोणी सांगितलेलं नाही. मी पाठवणार नाही. हवं तर मला उठवा."

बाईंनी त्याला उठवायला तोंड उघडलं, एवढ्यात बाहेरून पाध्ये धावत आला. वाऱ्यानं आकाशातले संदेश झेलणाऱ्या आपल्याच तबकडीची मान किंचित वळली होती. ती सरळ केली मात्र, यंत्रावर अक्षरं उमटू लागली. झाकण केव्हाच उघडलं होतं. यंत्रदूत बिचारा वेळेवर उत्तर देऊन कामाला लागला होता, आपलाच कान दुसरीकडे होता. पाठोपाठ पहिल्या चित्राची एक करडी पट्टी आली, मग दुसरी, आणि कोणीही कधी जवळून न पाहिलेल्या ग्रहाची कडा हळूहळू समोर उभी राहिली. पाध्येनं रेगेबाईंना मिठी मारली आणि मग भानावर येऊन सोडली. हेरंब हात मांडीखाली तसेच ठेवून रडत होता.

त्या गलक्यात मागून काकांचा आवाज आला.

"जमेल."

हेरंब रडता रडता हसला. "काका, आता जमलंसुद्धा."

"पोहोचलं आत्ता. निघालं होतं तू विचारलंस तेव्हाच." काका उठून त्याच्याजवळ आले. "प्रकाशाचा वेग तुला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता, हेरंब. पण तो डोक्यात होता, अंगात नव्हता, म्हणून आठ दिवस तुला छळलं. दूर असलेल्याशी बोलायचं तर शब्द असा द्यावा, की तो पोहोचेल तेव्हाही खरा असेल. आणि दिल्यावर त्याच्यामागं धावू नये. तालमीत तू दुसऱ्यांदा पाठवलास तो हुकूम नव्हता, तुझी भीती होती. यंत्राला बिचाऱ्याला त्यातला फरक कळत नाही. ते भीतीचंही पालन करतं." आणि मग म्हणाले, "माणसंही करतात."

हेरंबनं वाकून नमस्कार केला. त्यावर काकांनी काही आशीर्वाद दिला नाही, आणि हेरंबनंही वाट पाहिली नाही. तो पोहोचेल तेव्हा पोहोचेल, हे आता त्याला ठाऊक होतं.

आपल्या हातातही हल्ली एक यंत्रदूत असतो. धाडलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही म्हणून खाली तीन प्रश्नचिन्हं धाडण्यापूर्वी हात जरा मांडीखाली ठेवून पाहावेत.

भाऊकाका त्या संध्याकाळी घरी परतले. काकूंनी दार उघडलं. चपला काढता काढता ते म्हणाले, "फार छान दिसायचीस तू त्या साडीत."

कुठल्या साडीत, असं काकूंनी विचारलं नाही.