कोऱ्या पानावरची पहिली सही

लोकशाही दाखवायची म्हणून नववीच्या वर्गाची सहल पंचायत समितीत नेली. सभापती टेकाळे तासभर हक्कांवर बोलले. मग त्यांनी मुलांचीच सभा भरवली आणि "तुमचा ठराव खराखुरा मंजूर करतो" म्हणून जाहीर केलं. मुलींनी एकच मागणी केली, शाळेच्या शौचालयाला दार बसवा. दोन वर्षं पोरी एकमेकींसाठी ओढणी आडवी धरत होत्या आणि मास्तर लोक स्टाफरूममध्ये चहा पीत होते.

टेकाळेंनी ठरावाची वही पुढे सरकवली. पान कोरं होतं.

"सह्या करा पोरींनो. ठराव आमचा कारकून नंतर लिहील."

आमच्याकडे हीच रीत आहे. आमच्या बापांनी जन्मभर अशाच सह्या ठोकल्या आणि वर काय लिहिलं गेलं, ते एकानंही कधी विचारलं नाही.

मुलींमधून अश्लेषा ठोकळ उठली. तिनं पेन घेतलं आणि टेकाळेंच्याच पुढे धरलं.

"साहेब, अध्यक्ष तुम्ही, पहिली सही तुमची. ठराव आम्ही मुली शाळेत गेल्यावर लिहू."

"वेडी का काय तू? कोऱ्या कागदावर मी सही करत नसतो!"

"मग आम्हालाही तेच शिकवा ना, साहेब. शिकायलाच तर आलोय."

अख्खं सभागृह हसलं, शिपाईसुद्धा. टेकाळेंनी कारकुनाला तिथंच लिहायला लावलं, महिन्याभरात दार बसवावे.

अश्लेषानं ते दोनदा वाचलं.

"कडी आतून, तेवढं लिहा," ती म्हणाली. ते लिहून झालं, तेव्हा तिनं सही केली.