मुकुट आणि सोन्याची तार

एका राज्यात एक विचित्र रीत होती, बरं का! राजाचा मुकुट डोक्यावर नुसता ठेवायचा नाही. अंबाड्यात सोन्याच्या तारेने गुंफायचा. त्यासाठी राजवंशातल्या लेकरांचे केस पाचव्या वर्षापासून तारेने करकचून बांधत, आणि त्यांचे पाहून प्रजाही साध्या तारेने तसेच बांधी. मुकुट सावरत सिंहासनाच्या सात पायऱ्या चढेल तो राजा. मुकुट पडला, तर राज्य कारभारी मांत्रिक कालदंताचे. त्याच्या जटा तर गुडघ्यापर्यंत रुळत!

राजकन्या शाल्मलीला विसावे लागले आणि तिचे केस झडू लागले. कपाळ मागे सरकले, उशी केसांनी भरू लागली. बिचारीचा जीव टांगणीला लागला. हा कुळाचा शाप, असे सांगून कालदंताने तीन उतारे आणायला लावले: नागाच्या फण्यावरचे तेल, जादूच्या मेंढ्याची कातर आणि केस गिळणाऱ्या डाकिणीच्या सरोवरातले पाणी. शाल्मलीने घोड्याला टाच मारली.

नाग वारुळावर ऊन खात पडला होता. तेल मागताच तो फिसकन हसला.

"राजकन्ये, माझ्या डोक्यावर तुला एक तरी केस दिसतो का?"

शाल्मलीलाही हसू फुटले, कित्येक दिवसांनी. पुढे मेंढा भेटला. कातर फिरवली की केस दाट उगवतात ना, असे तिने विचारले. मेंढ्याने मान हलवली. म्हणे, मला दरसाल भादरतात, लोकर येते ती होती तेवढीच.

सरोवरात डाकीण नव्हतीच. एक म्हातारे गिधाड आपल्या गुळगुळीत डोक्यावर पाणी उडवत मजेत न्हात होते. पाणी केस गिळत नाही, आधीच सुटलेले तेवढे वाहून नेते, असे त्याने सांगितले. मग तिला निरखून, मध्यंतरी ताप आला होता का, असे विचारले. आला होता की! तीन महिन्यांपूर्वी ती अंथरुणाला खिळली होती.

"तापाने गळलेले काही महिन्यांत परततील," गिधाड म्हणाले. "कपाळावरचे मात्र ती तार उपटते आहे. ओढ थांबव, उरलेले वाचतील. गेलेले सगळे येतीलच असे नाही."

"मग माझे राज्य?"

"मुकुट नुसता डोक्यावर ठेवून कधी कोणी पाहिला आहे?"

कोणीच पाहिला नव्हता!

अभिषेकाच्या दिवशी शाल्मली विरळ केस मोकळे सोडून दरबारात आली. कालदंत मिशीत हसला. तिने मुकुट डोक्यावर ठेवला आणि पाऊल उचलले. पाचव्या पायरीवर मुकुट कलला. ती थांबली, मान सरळ केली आणि पुढे चढली. सातव्या पायरीवरून ती वळली, तेव्हा मुकुट जागच्या जागी होता.

त्याच क्षणी कालदंताच्या जटा धपकन खाली पडल्या. राजवंशाचे तारेने उपटलेले केस त्याने मंत्राने डोक्याला चिकटवले होते, आणि तारेची रीत मोडताच तो मंत्रही तुटला! तो रडत सांगू लागला, बाप टकला, आजा टकला, लाज वाटायची हो.

"वंशाने आलेल्या टकलाला शिक्षा नाही," राणी म्हणाली. "तारेला आहे. घरोघरी जा आणि आपल्या हाताने सगळ्या तारा सोड."

पहिली तार तिथेच सुटली, मग दुसरी, मग शंभर. आणि त्या दिवशी राणीपासून गवळणीपर्यंत साऱ्या राज्याने मनसोक्त डोके खाजवले.