दातांत धरलेला धागा

फार पूर्वी, पौष वद्य तृतीयेला, सकाळी दाट धुके आणि नंतर कोरडे ऊन असताना, एका गावातल्या विणकर बाईच्या घरी पुस्तक आले.

त्या गावात गोष्टींचे पुस्तक एकच होते. ते घरोघर फिरे. प्रत्येक घरी सात दिवस राही आणि सातव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पुढच्या घरी जाई, असा रिवाज होता. घरे पन्नास. म्हणून एकदा गेलेले पुस्तक परत यायला जवळजवळ वर्ष लागे.

बाईला सात वर्षांची मुलगी होती, भागू. भागूला अक्षरे येत होती. पुस्तकातली एकच गोष्ट तिला हवी होती, आईपासून चुकलेल्या हत्तीच्या पिल्लाची. गोष्ट बारा पानांची होती.

"आई, तू वाच ना."

"तू वाच. मी मागावर बसून ऐकते."

भागू वाचू लागली. पहिलाच अवघड शब्द आला, ती अडली, आणि आईने मागावरूनच तो सांगून टाकला. दुसरा आला, तोही सांगितला. विणकराचा हात असाच असतो. धागा तुटला की लगेच गाठ मारायची, नाहीतर कापडात भोक राहते. बाईचा सगळा जन्म त्यात गेलेला. मुलगी थांबली की आईच्या तोंडून शब्द आपोआप निघे.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी बाईच्या लक्षात आले, की अडल्यावर भागू पानाकडे बघतच नाही. ती आईच्या तोंडाकडे बघते.

त्याच दुपारी मागावरचे दोन धागे एकदम तुटले. एकाचे टोक दातांत धरून बाई दुसऱ्याला गाठ मारत होती. इकडे भागू अडली.

"आई, हे काय गं?"

"उं," आई म्हणाली. तोंड उघडले असते तर धागा सुटला असता.

भागूने वाट पाहिली. पुन्हा वाट पाहिली. मग नाइलाजाने पानाकडे वळली. "सों... डे... सोंडेने! आई, सोंडेने पाणी उडवलं त्यानं!"

गाठ मारून झाली, तरी बाईने दातांतला धागा थोडा वेळ तसाच ठेवला.

सहाव्या दिवशी भागूने ते सोंडेचे पान दारातल्या शेळीलाच तीनदा वाचून दाखवले. त्यामुळे सातव्या दिवशी ऊन उतरले तरी शेवटचे पान राहिलेच होते. पुढची पाळी लोहाराच्या घरची. लोहारकाकू दारात येऊन उभी राहिली.

"झालं का गं? ऊन भिंतीवर चढलंय."

"काकू, एकच पान!"

"बरं बाई, बसते." काकू उंबऱ्यावर टेकली.

भागू घाईघाईने वाचू लागली. पिल्लू आईला हाका मारत होते. डोंगरातून तशीच हाक यायची, पिल्लू तिकडे धावायचे, तिथे कोणी नसायचे. मग एक लांबलचक शब्द आला आणि भागू थांबली.

"आई, सांग ना! पुस्तक जाईल!"

"सांगून टाक की," काकू म्हणाली. "पोर रडकुंडीला आलीय. तुला तर वाचता येतं."

येत होते. एका दमात पान संपवले असते बाईने. आणि नाही सांगितले, तर पिल्लाला आई सापडली की नाही हे भागूला वर्षभर कळणार नव्हते.

बाईने रिळावरचा धागा ओढला आणि दातांत धरला. मग ती भागूला खेटून बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मागावर तर एकही धागा तुटलेला नाही," काकू म्हणाली. "अजब बाई आहेस!"

भागूने आईच्या तोंडाकडे पाहिले. डोळे पुसले. पानावर बोट ठेवले.

"प्र... ति... प्रति... ध्व... प्रतिध्वनी." मग एकदम, "अगं, म्हणजे ती त्याचीच हाक!"

पुढे ती थांबली नाही. "पिल्लू हाका मारायचे थांबले. गप्प उभे राहिले. तेव्हा त्याला आईची हाक ऐकू आली." तिने मान वर केली. "सापडली! काकू, आई सापडली!"

"ऐकलं गं बाई, ऐकलं," काकू म्हणाली.

भिंतीवर वीतभर ऊन शिल्लक असताना भागूने पुस्तक काकूच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लोहाराच्या घरी गेली. काकूची धाकटी तीच गोष्ट वाचत होती. पहिल्या पानावर ती अडली आणि तिने भागूकडे पाहिले.

भागूने आपल्या वेणीचे टोक दातांत धरले.

धाकटीने थोडी वाट पाहिली. मग तो शब्द तिने स्वतः वाचला.

या गोष्टीचे तात्पर्य: मूल वाचताना अडले, तर आपण जवळ बसावे आणि गप्प बसावे.