केरबानं बघितलेलं इंजान

घाटाच्या पायथ्याला खडकेवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द गाव त्याच्या बायकोसमोर वापरायचं. तिच्या माघारी दुसरा वापरायचं.

बायकोचं नाव शेवंता. शेवंताच्या उडदाच्या पापडाला तोड नव्हती. पण ते पापड एसटीच्या टपावरून घाट चढून जायचे आणि वर पोचेपर्यंत त्यांचा चुरा झालेला असायचा. अशात घाटावरच्या एका मंगल कार्यालयानं तिला दोन हजार पापड सांगितले. शनिवारी सकाळी पोचायला हवेत, आणि अख्खे हवेत. ते नीट पोचले तर वर्षभराची सगळी लग्नं तिची. नाही पोचले तर पुन्हा तोंड दाखवायचं कारण नव्हतं.

तेव्हा एक जुनी गाडी घ्यायची ठरली. शेवंताचा बाप वीस वर्षं वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारी, जीप चालवत होता, त्यामुळे तिला इंजिनातलं कळत होतं. केरबाला ट्रॅक्टर हाकता येत होता, बाकी काही कळत नव्हतं. पण गाडी घेणं हे पुरुषाचं काम, असं गावाचं ठाम मत होतं, आणि केरबा पुरुष आहे याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. शिवाय शेवंताचे हात पिठात होते. म्हणून सोमवारी केरबा निघाला.

निघताना शेवंता म्हणाली, "अवं, एक ध्यानात ठेवा. इकणारा माणूस गाडी आधीच चालू करून ठेवतो, म्हंजी इंजानाची खोड दिसत न्हाई. इंजान गार पायजे."

"गार पायजे," केरबा म्हणाला.

शेजारच्या गावात ऐनापुरे गुरुजींची गाडी विकायची होती. गुरुजी नुकतेच त्याच गाडीनं शाळेतून आले होते. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं आणि चहा सांगायला आत गेले. केरबानं इंजिनाला हात लावला. चटका बसला. इंजिन गार पाहिजे होतं आणि हे तर तापलेलं होतं. अंगणात हौद होता, हौदावर बादली होती. केरबानं मोजून तीन बादल्या ओतल्या.

गुरुजी कपबशा घेऊन बाहेर आले तेव्हा अंगण वाफेनं भरलं होतं.

"हे काय केलंत?" गुरुजींनी विचारलं.

"आता गार हाय," केरबा म्हणाला. "करा चालू."

गाडी चालू झाली नाही. गुरुजी मात्र झाले. चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. शेवंतानं लाटणं खाली ठेवलं. "अवं, पाणी वतायचं नव्हतं. हात बी लावायचा नव्हता. नुसतं गप उभं ऱ्हायचं. वाट बघायची. जे व्हायचं ते आपसूक हुतंय."

"पुढच्या खेपेला तसंच करतो," केरबा म्हणाला.

मंगळवारी तो बाबासो लाटकरांकडे गेला. लाटकरांचं किराणा दुकान चढावर होतं आणि गाडी दुकानासमोर, चाकाखाली दगड लावून उभी होती. इंजिन गार होतं. केरबा खूश झाला. लाटकर म्हणाले, "बसा आत, एक चक्कर मारून येऊ." त्यांनी चाकाखालचा दगड काढला, मग किल्ली आत राहिल्याचं त्यांना आठवलं, आणि ते दुकानात गेले.

गाडी हलली.

केरबा अजून आत बसला नव्हता. तो शेजारी उभा होता. गाडी एक हात पुढे गेली, मग चार हात. दार उघडं होतं, हँडब्रेक समोर दिसत होता. पण हात लावायचा नव्हता. केरबानं हात पाठीमागे बांधले आणि वाट बघितली. गाडी देवळावरून गेली, हापशावरून गेली आणि खाली पाटलांच्या उकिरड्यात दारापर्यंत रुतली.

लाटकर किल्ली घेऊन बाहेर आले. त्यांनी दगड बघितला, मोकळी जागा बघितली, मग केरबाकडे बघितलं.

"आपसूक थांबली बघा," केरबा म्हणाला.

त्या संध्याकाळी शेवंता सगळं ऐकत पीठ मळत राहिली. तिला राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्हींसाठी वेळ नव्हता. शेवटी म्हणाली, "गाडी आपणहून चालाय लागली का हँडब्रेक वडायचा. जोरात. इचार करत बसायचं न्हाई."

"पुढच्या खेपेला तसंच करतो," केरबा म्हणाला.

बुधवारी तो तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे गेला. गाडी देखणी होती. बाई स्वतः चालवायला बसल्या, केरबा शेजारी बसला, आणि बाईंच्या सासूबाई हवा खायला म्हणून मागे बसल्या. बाई कौतुकानं सांगू लागल्या, "हिला गिअर टाकावे लागत नाहीत. गिअर तीच बदलते. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपणहून चालायला लागते."

केरबा सावध झाला.

बाईंनी पाय काढला. गाडी आपणहून चालायला लागली. केरबानं हँडब्रेक ओढला. बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांना वाटलं, चुकून लागला असेल हात. त्यांनी हँडब्रेक सोडला, पाय काढला. गाडी आपणहून चालायला लागली. केरबानं विचार केला नाही. या खेपेला सासूबाईंची कवळी पुढच्या सीटवर आली.

"तुम्हाला नक्की काय करायचं आहे?" बाईंनी विचारलं.

"गाडी आपणहून चालाय लागली हुती, बाई," केरबा म्हणाला. त्यानं कवळी पुसून अदबीनं मागे दिली.

गुरुवार उजाडला. दीड हजार पापड वाळून डब्यांत भरले होते, पाचशे लाटायचे होते, आणि गाडीचा पत्ता नव्हता. शेवंताच्या मनगटांना कळा येत होत्या. तिनं केरबाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात त्राणच नव्हतं.

"ऐका. मला रडाय बी येतंय, पण पिठात पाणी जास्त हुईल. डिझेलचं इंजान पायजे. धडधाकट. गेर हातानं टाकायचा पायजे. पयल्या गेरात भरल्या वजनानं चढ चढला पायजे. झालं. दुसरं काय बी बघू नका. रंग बघू नका, शिटा बघू नका, दारं बघू नका. नुसतं इंजान आणि गेर."

"दुसरं काहीच बघायचं न्हाई?"

"काहीच न्हाई."

"तसंच करतो," केरबा म्हणाला, आणि या खेपेला चूक व्हायला नको म्हणून त्यानं टॉवेल डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांवरून खाली सोडला. आता त्याला नाकासमोरचं तेवढं दिसत होतं.

रस्त्याची कामं घेणारे मगदूम ठेकेदार धंदा आवरत होते. त्यांच्या आवारात बरंच काही विकायला होतं. कोपऱ्यात एक जीपही होती, शेवंताच्या बापाच्या जीपसारखी. केरबानं ती बघितली नाही. त्यानं हाक मारली, "डिझेलचं इंजान कुठाय?" ठेकेदारांनी समोर बोट दाखवलं. केरबा गेला आणि इंजिन बघत बसला. मोठं होतं. गार होतं. मग त्यानं गिअरचा दांडा बघितला. चांगला मनगटाएवढा जाड होता, आणि हातानंच टाकायचा होता.

"आपणहून चालत न्हाई न्हवं?"

"ढकलून बी चालत न्हाई," ठेकेदार म्हणाले.

"घाट चढंल?"

"पावणं, घाटाचा रस्ता हिनंच केलाय."

"भरल्या वजनानं?"

"वजन तर हिचं हिलाच लई हाय." ठेकेदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पर तुमी हिचं करणार काय?"

"पापड न्यायचं हायत."

ठेकेदारांनी टोपी परत डोक्यावर घातली. आयुष्यात त्यांनी बरीच गिऱ्हाइकं बघितली होती. एकदा कोपऱ्यातली जीप दाखवावी असं त्यांच्या मनात आलं, त्यांनी तिकडे हातही केला. पण केरबा दुसरं काही बघायला तयार नव्हता. मग त्यांनी कागद केले, आणि केरबा रात्री आवारातच झोपला.

शुक्रवारी सकाळी केरबा गाडी घेऊन घराकडे निघाला. अंतर चार कोस. गाडी पहिल्या गिअरात चालली आणि पहिल्याच गिअरात चालत राहिली. पाठीमागे एसटी भोंगा वाजवत होती, केरबानं बघितलं नाही. म्हशी घेऊन निघालेली एक म्हातारी त्याच्या पुढे निघून गेली, तीही बघितली नाही. पुढचा रस्ता खडबडीत होता, मागचा गुळगुळीत होत होता.

दुपारी शेवंताला लांबून इंजिनाचा आवाज आला. तिच्या कानाला तो लगेच कळला. डिझेल. ठोका एकसारखा, कुठे खोकला नाही, कुठे धाप नाही. असं इंजिन तिच्या बापालाही कधी मिळालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आपण या माणसाला उगाच बोललो, असं तिला मनापासून वाटलं. पाचशे पापड अंगणात लुगड्यांवर वाळत होते. गाडी आली की लगेच भरता यावेत म्हणून तिनं सगळे डबेही ओसरीवरून काढून अंगणात रांगेनं मांडले. मग ती हळदकुंकू आणि नारळ आणायला आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा गाडी अंगणात वळली होती. पुढे एकच चाक होतं. ते लोखंडाचं होतं आणि अंगणाएवढंच रुंद होतं.

"थांबा," शेवंता म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "अवं, थांबा."

टॉवेलातून केरबाला ऐकू आलं नाही. तो एकदा इंजिन बघत होता, एकदा गिअर बघत होता. गाडी जरासुद्धा न डगमगता, पहिल्या गिअरात, भरल्या वजनानं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि ओसरीला टेकून उभी राहिली. डबे आता डबे नव्हते.

केरबा खाली उतरला. टॉवेलानं घाम पुसला. त्याचा चेहरा समाधानानं फुलला होता.

"इंजान बघ शेवंता, एक नंबर. गेर बघ."

शेवंताच्या हातातला नारळ तसाच होता. "आणि पापड?" ती म्हणाली. "तुमाला समोर पापड दिसलं न्हाईत?"

केरबानं तिच्याकडे नवलानं बघितलं.

"पापड बघायचं तू कुठं सांगितलं हुतंस?"