रंगावर अर्थ लागत नाही

"...मग गॅसचं घ्यावं, की बिनगॅसचं?"

रेवणनाथबाबा एका मोडक्या फाटकाची बिजागरी हातात धरून बघत होते.

हिंदुराव सरनोबतांनी वेल्डिंग मशीनचा आपला प्रश्न पुन्हा विचारला. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून हयात गेलेला माणूस. एकच प्रश्न दोनदा विचारायची पाळी त्यांच्यावर क्वचितच आली होती, आणि आली तेव्हा समोरच्याची धडगत नसायची. पण आता निवृत्ती झाली होती. गावात लोक अजून रामराम घालायचे, एवढाच काय तो दरारा उरला होता.

बाबांची मठी गावाबाहेरच्या माळावर होती. कान फाडून नाथपंथाची दीक्षा घेण्याआधी बाबा साखर कारखान्यात वेल्डर होते. संसार सुटला, हातातलं काम काही सुटलं नाही. मठीला लागून पत्र्याची एक शेड होती, आणि अडल्यानडल्यांची मोडतोड तिथे येऊन पडायची. बाबा सगळ्यांना अरे-तुरे करत, मग तो गुराखी असो की आमदार. सरनोबतांना कुणी 'तू' म्हणून जमाना झाला होता. गरज होती म्हणून त्यांनी ते गिळलं.

तयारी मात्र त्यांनी पक्की केली होती. तीन दुकानं पालथी घातली होती. एकजण म्हणाला, साहेब, गॅसचं मिग मशीन घ्या, टाका कसा स्वच्छ येतो. दुसरा म्हणाला, घरगुती कामाला सिलिंडरचं लटांबर कशाला, बिनगॅसची तार घ्या, धूर होतो पण उघड्यावर चालतं. तिसरा म्हणाला, दोन्ही चालणारं घ्या. कोर्टात साक्षीदार उलटावेत तसे तिघे एकमेकांवर उलटले होते. शेवटी कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं.

"काय जोडायचं?" बाबांनी विचारलं.

"असंच, घरगुती. स्टूल, कुंड्यांचा स्टँड... हौस म्हणून."

"पयलं काय?"

"पाळणा."

मग हळूहळू बाहेर आलं. लेकीला, मधुराला, मुलगी झाली होती. बातमी परक्याच्या तोंडून कळली. सरनोबतांनी चांगला सागवानी पाळणा टेम्पोत घालून पाठवला, तो त्याच टेम्पोतून परत आला. वरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. बारशाचं बोलावणं तर नाहीच. तेव्हा या गृहस्थांनी मनाशी हिशेब मांडला, की विकत आणलेलं परत पाठवता येतं, पण बापानं उतारवयात, स्वतःच्या हातांनी केलेलं कुठली लेक परत पाठवील? पाळणा घरात गेला की मागोमाग आपलाही पाय घरात पडेल.

"त्या पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं, बाबा. दुसरं काही नको."

"लोखंडाचाच का?"

याचं उत्तर सरनोबतांनी स्वतःलाही दिलं नव्हतं. लोखंड टिकतं, असं काहीतरी ते पुटपुटले.

बाबांनी मान हलवली. पातळ पाइप, घरची वीज, सणासुदीला कधीतरी काम. असल्या कामाला बिनगॅसचं लहान मशीन पुष्कळ झालं. पैसे घालायचेच असतील तर आधी चांगल्या मुखवट्यात घाल, डोळे दुसरे मिळत नाहीत.

"एवढंच?" सरनोबतांना फसल्यासारखं झालं.

"मशीनचं एवढंच."

बाबांनी मुखवटा आणि तार सोडणारी वेल्डिंगची टॉर्च त्यांच्या हातात दिली आणि फाटकाकडे बोट केलं.

"जोडून बघ."

सरनोबत सरसावले. दुकानात पाहिलं होतं, मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांनी अर्थिंगचा चिमटा फाटकाला लावला, मुखवटा ओढला, घोडा दाबला. पिस्तूल चालवलेला हात, त्यात चुकणार नव्हता. पण ठिणगीच पडेना. तार नुसतीच सरसर बाहेर येत राहिली आणि लोखंडाला टेकून वाकडी झाली. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"मशीन बिघडलंय तुमचं."

"मशीन धड हाय. अर्थ लागला न्हाई."

"कसला अर्थ?"

वेल्डिंगवाले त्या चिमट्याला नुसतं 'अर्थ' म्हणतात. सरनोबतांनी तो फाटकाच्या लाल ऑइलपेंटवर लावला होता. विजेला परतायला वाटच नव्हती.

"रंगावर अर्थ लागत न्हाई," बाबा म्हणाले. "खरवड."

त्यांनी एक कानस पुढे टाकली. सरनोबत उकिडवे बसून खरवडू लागले. लाल निघाला, खाली हिरवा लागला. बाबा समोर पोत्यावर बसले.

"लेक कशापायी तुटली?"

"माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं. एक मुलगा होता..."

"त्याला नाव असंल."

कानस थांबली. ते नाव त्यांनी घरात कुणाला काढू दिलं नव्हतं, आणि स्वतःही कधी घेतलं नव्हतं.

"सिद्धार्थ."

"बरं. मग?"

"मग काय, ठाण्यात बोलावून त्याला समज दिली."

बाबांनी वाकून लोखंडाकडे पाहिलं.

"अजून रंग हाय."

सरनोबत खरवडू लागले. हिरवा निघाला, त्याखाली तांबूस रेडऑक्साइडचं अस्तर.

"थोडी झटापट झाली. त्याच्या हाताला लागलं."

"अजून रंग हाय."

सरनोबतांचा पारा चढला. कानस फेकून उठावं असं वाटलं. समोरच्यापुढे गप्प बसून राहायचं, म्हणजे तो आपसूक ओकतो, ही युक्ती त्यांनी उभ्या जन्मात किती जणांवर चालवली होती. आज ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. पण उठून गेले तर पाळणा होणार नव्हता.

"काठी शिपायांकडे असते, बाबा. गर्दीत कुणाची कुठे लागते, ते..."

बाबांनी या खेपेला वाकून पाहिलंही नाही. फक्त मान हलवली.

...

बराच वेळ कानशीचा आवाज येत राहिला.

"शिपाई थांबा म्हणत होते," सरनोबत खाली बघतच बोलले. "मी त्याला टेबलावर हात ठेवायला लावला. पंजा पसरून. तो साहेब-साहेब करत होता... मी मारलं. मोडल्याचा आवाज आला, त्यानंतरही मारलं. शिपाई नव्हे. मीच."

कानशीखाली लोखंड पांढरं झालं होतं.

बाबांनी चिमटा उचलून त्यांच्या हातात दिला. सरनोबतांनी तो उघड्या लोखंडाला लावला, मुखवटा ओढला, घोडा दाबला. भजी तळावीत तसा तडतड आवाज झाला आणि उजेड पडला. बिजागरी फाटकाला धरून राहिली. टाका वेडावाकडा होता, पण होता.

मुखवटा वर केला तेव्हा सरनोबतांचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. माणूस मोठा चमत्कारिक प्राणी. एकदा खरं बोलला की त्याला लगेच पोच हवी असते, जणू कबुली म्हणजेच भरपाई. फिर्यादी अजून बाहेर बाकावर बसलाय, हे तो विसरतो. सरनोबतही विसरले.

"जमलं, बाबा. लागला अर्थ. आता पाळणा होतोय बघा." मग आवाज एकदम लहान झाला. "...ती ठेवून घेईल ना?"

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मायाही नव्हती.

"हात कंचा?"

"उजवा."

"काय काम करायचा त्यो?"

सरनोबतांनी हातातली टॉर्च सावकाश जमिनीवर ठेवली.

"तेव्हा... वेल्डिंग. स्वतःचं दुकान होतं. ग्रील, गेट..."

"आन आता?"

"मूठ मिटत नाही म्हणतात. भावाच्या टपरीवर बसतो."

बाबा उठले. मशीनचं बटण बंद केलं. केबलची गुंडाळी करून खुंटीला अडकवली, आणि शेडच्या दाराशी जाऊन थांबले.

"दुकानं कशाला हिंडतूस... त्याचं मशीन घरात पडून असंल. जा, त्येच माग."