वऱ्हाडबांध

खारवडी गावाच्या पश्चिमेस, खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला आहे. तो सर्वत्र दोन माणसांना जोडीने चालता येईल एवढाच रुंद आहे. मात्र एका ठिकाणी तो इतका फुगला आहे की बैलगाडी सहज वळावी. त्या जागेला वऱ्हाडबांध म्हणतात. गावात पाहुणे आले की वयोवृद्ध गोमाजी पाटील त्यांना प्रथम येथे आणतात आणि ही कथा सांगतात.

फार पूर्वी एका वादळात फुटलेल्या गलबताच्या फळीवर एक तान्हे मूल या किनाऱ्यास लागले. गावाने त्याला वाढवले. एका घरी दूध, दुसऱ्या घरी निजणे, असे ते मूल चाळीस घरांचे होऊन राहिले. त्याचे नाव कान्हू ठेवले. वयात आल्यावर हिराजी पाटलाच्या चांगुणेशी त्याचे मन जुळले. परंतु लग्न लावण्यास बोलावलेल्या भटजींनी कूळ विचारले, गोत्र विचारले, कुलदैवत विचारले. आणि कान्हूपाशी एकाही प्रश्नास उत्तर नव्हते. भटजी हळहळले, म्हणे, परंतु पोथी बांधून निघून गेले. हिराजी म्हणाला, “ज्याचं मागचं कोणी नाही, त्याच्या हाती मी पोरगी कशी देऊ?”

चांगुणेने पित्याशी वाद घातला नाही. ती घरोघर गेली आणि प्रत्येकास एकच गोष्ट विचारली, “माझ्या लग्नात तुम्ही काय कराल?” मंत्र असणार नव्हते, मुहूर्त असणार नव्हता, प्रत्येक पाहुण्याने उठून कान्हूच्या खांद्यावर हात ठेवावा आणि तो आपला कोण ते सांगावे, एवढाच विधी तिने योजला होता. सुताराने बसावयास दोन पाट करून देण्याचे कबूल केले. दृष्टी गेलेली धर्मीआजी म्हणाली, “मी सगळ्यांच्या आधी बोलेन गो बाय, नंतर विसरेन.” भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेली काशी मात्र फणकारली, “लग्नात पाहुण्यांना राबवायचं? मग तू नवरी कशाला, मुकादम हो!” तरीही तिने पुरणाचे काम आपल्याकडे घेतले.

हिराजीने एक अट घातली. “चाळीस घरांतलं एक जरी माणूस बोललं नाही, तर हे लग्न नव्हे. आणि मी येईन, पण बसून राहीन.”

दिवस आश्विनी पौर्णिमेचा ठरला, कारण उधाणामुळे त्या दिवशी होड्या खाडीत जात नसत आणि सारे गाव घरी सापडे. एकही माणूस उणा राहू नये या ध्यासात चांगुणेने बांधाचा राखणदार पोशा यालाही त्या सकाळी स्वतः जाऊन बोलावले. तो म्हणाला, “बाय, आज भरतीला बांध सोडून कसा येऊ?” ती म्हणाली, “पोशाकाका, तुम्ही नसलात तर माझं लग्न मोडेल.” पोशा आला. चूक घडली ती येथे, असे गोमाजी सांगतात. आणि ती प्रेमाने घडली.

मध्यान्ही विधी सुरू झाला. धर्मीआजीने कान्हूच्या खांद्याऐवजी कान धरला आणि म्हणाली, “हा माझा नातू. अंगण सारवलं की नेमका ओल्यात पाय देणारा.” मंडप हसला. कोणी त्याला भाऊ म्हटले, कोणी भाचा, कोणी वल्ह्यावरचा जोडीदार. पोशाची पाळी आली. तो उभा राहिला, सवयीने त्याची नजर खाडीकडे गेली, आणि कान्हूचे नाते सांगण्याऐवजी तो ओरडला, “खांड! खांड पडली!”

बांधास भगदाड पडले होते. आत भात दाण्यात आलेले. खारे पाणी पसरले असते तर पीक गेलेच असते, शिवाय तीन वर्षे त्या जमिनीत काही रुजले नसते. वऱ्हाड जसे होते तसे धावले. कान्हू भगदाडात उतरला आणि प्रवाहाकडे पाठ करून छातीभर पाण्यात उभा राहिला. शेजारी चांगुणा उतरली. शेतापासून बांधापर्यंत पाहुण्यांची रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे येऊ लागले. पण रांग अपुरी पडली. तिचे टोक कान्हूपासून एका माणसाच्या अंतरावर थांबले. गोळे फेकावे लागत आणि निम्मे वाहून जात.

रिकाम्या मंडपात हिराजी एकटाच बसला होता. किती वेळ बसला, ते कोणी सांगत नाही. परंतु त्या मोकळ्या जागी तो येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, “कान्हू, इकडे बघ. माझ्या हातचं घे.”

ओहोटी लागेपर्यंत त्याने गोळे दिले आणि कान्हूने ते रचले. खांड बुजली. सारे बांधावर बसले असता कोणी हळूच म्हणाले, “निम्मी माणसं बोलायची राहिली की.” सर्वांनी हिराजीकडे पाहिले. त्याने गोड्या पाण्याची घागर मागवली. रूढीप्रमाणे तो जावयाचे पाय धुणार असे लोकांस वाटले. त्याने कान्हूचे चिखलाने भरलेले हात ओंजळीत घेतले आणि धुतले. “कोणी बोलायचं राहिलेलं नाही,” तो म्हणाला. “या हातात चाळीस घरांनी दिलं. मीही दिलं.” मग त्या ओल्या हातात त्याने चांगुणेचा हात ठेवला, असे सांगतात.

आजही खारवडीत लग्न असले की वऱ्हाडी रांगेने उभे राहतात, चिखलाचा एक गोळा सर्वांच्या हातांतून फिरतो, वधूपिता तो जावयास देतो आणि नवे जोडपे तो बांधावर याच जागी थापते. गोमाजी कथा संपवतात आणि पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवरून नजर फिरवतात. “उद्या माझ्या नातीचं लग्न आहे,” ते म्हणतात. “बाह्या दुमडून या. नुसतं बघायला इथे कोणाला बोलावत नाहीत.”